शाईतली भीती

परत एकदा 'क्रीपी' या हॉरर कॉमिक्सच्या मासिकाचे जुने अंक चाळत बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. अमेरिकेत 1954 ला कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक बुकमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याचे नियम, आला आणि हॉरर कॉमिक्सचा जवळजवळ गळाच आवळला, मग प्रकाशक जेम्स वॉरनने 1964 मध्ये साधी पण भारी पळवाट काढली, 'क्रीपी' हे मोठ्या आकाराचं ब्लॅक अँड व्हाइट मासिकच काढलं, म्हणजे ते कॉमिक बुक नाही, म्हणजे कोड लागू नाही! पुढे त्याच धर्तीची 'ईरी' आणि 1969 ला 'व्हॅम्पिरेला' आली.

कव्हरवर फ्रँक फ्राझेटाची रंगीत पेंटिंग्ज असायची, ती भारीच, पण माझा जीव आतल्या पानांत अडकलाय. चित्रकार स्टीव्ह डिटको इथे पाणी मिसळलेल्या शाईचे वॉश वापरायचा, त्यामुळे धुकं, धूर, भिंतीवरची ओल सगळं राखाडी छटांत उतरतं. आणि बर्नी राइटसन! त्याने काढलेली 1974 ची 'जेनिफर' ही गोष्ट बघा, असा काही अंधार केलाय की चेहरा दिसायच्या आधीच पोटात गोळा येतो. रंग असते तर रक्त लाल दिसलं असतं आणि विषय संपला असता, काळ्या शाईत मात्र ते रक्त आहे की नुसती सावली हे आपलं आपण ठरवायचं.

सगळ्याच गोष्टी ग्रेट नाहीत हां, शेवटचा ट्विस्ट बऱ्याचदा दुसऱ्याच पानावर कळतो. वॉरनचा धंदा 1983 मध्ये बसला, पण हे अंक नंतर जाडजूड हार्डकव्हरमध्ये परत छापले गेले. मी मात्र अजून 'जेनिफर'च्या पहिल्या पानावरच अडकलोय.