ओल्या भिंतीचा हिशेब

गेल्या गुरुवारी माझ्या बँक खात्यात 1,036 पौंड जमा झाले. स्टॉकपोर्टमधील आमचे पहिले भाड्याचे घर सोडल्यावर अडकून पडलेले ते आमचे डिपॉझिट होते, आणि ते परत मिळावे म्हणून मी अडीच महिने एका भिंतीवरील बुरशीविषयी पत्रव्यवहार केला.

मँचेस्टरपासून रेल्वेने दहा मिनिटांवर असलेले हे गाव सूतगिरण्यांवर आणि टोप्यांच्या कारखान्यांवर वाढले. गॉइट आणि टेम या नद्या येथे एकमेकींना मिळतात आणि पुढे मर्सी या नावाने वाहतात. त्या खोऱ्यावरून 1840 मध्ये बांधलेल्या 27 कमानींच्या पुलाला सुमारे 1 कोटी 10 लाख विटा लागल्या असे सांगतात, आणि त्यावरून आजही गाड्या धावतात. गिरण्या थांबल्यावर मरगळलेले हे गाव आता झपाट्याने वाढते आहे. मध्यवर्ती भागासाठी 2019 मध्ये स्वतंत्र विकास महामंडळ नेमले गेले असून तेथे चार हजारांपर्यंत नवी घरे उभी करण्याची योजना तेव्हा आखली गेली. मँचेस्टरचे भाडे न परवडणारी सगळी मंडळी घर शोधायला येथे येतात. आम्ही नवे आलेले, त्यामुळे आमच्या नावावर येथील कर्जफेडीचा कसलाही इतिहास नव्हता आणि जामीन राहणारे कोणी ओळखीचे नव्हते. नऊ घरे हातची गेल्यावर दहावे आम्ही सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरून घाईने घेतले.

ते घर जुन्या गिरणी कामगारांच्या रांगेतले होते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मागे विटांचे छोटे अंगण. नोव्हेंबरमध्ये वरच्या खोलीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले आणि जानेवारीपर्यंत ते कपाटामागे हातभर पसरले. मी एजंटला छायाचित्रे पाठवली. तुमच्या स्वयंपाकामुळे आणि घरात कपडे वाळवल्यामुळे बाष्प साठते, भांड्यावर झाकण ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, असे उत्तर आले. बाहेर तीन अंश तापमान आणि सलग पाऊस असताना मी कपडे कोठे वाळवावेत, हे त्या पत्रात लिहिलेले नव्हते.

मला हे उत्तर फार लागले. माझा जन्म इचलकरंजीचा आहे. ज्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात त्या गावात, आठ यंत्रमागांच्या कारखान्याला लागून असलेल्या घरात मी वाढले आहे, आणि हवेतील ओलावा म्हणजे काय हे मला कोणी पत्र पाठवून शिकवण्याची गरज नाही. एप्रिलमध्ये हवा कोरडी पडली की सूत ठिसूळ होते आणि ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, धागे पटापट तुटतात. आबा दुपारी मागांच्या मधल्या वाटेवर पाण्याचा सडा मारत आणि तुटलेला धागा दोन बोटांत धरून, सडा पुरेसा झाला की नाही ते सांगत. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यात कापसाचा धंदा रुजला त्यात येथील दमट हवेचा वाटा होता. पुढे विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडून ओलावा आणखी वाढवला जाऊ लागला आणि त्याने कामगारांच्या छातीवर परिणाम होतो अशा तक्रारी झाल्यावर 1889 च्या कायद्याने त्या वाफेला मर्यादा घातली. म्हणजे या भिंतींतील ओल आमच्या फोडणीच्या फार आधीची आहे.

स्टॉकपोर्टहून फार दूर नसलेल्या रॉचडेल या दुसऱ्या गिरणगावात डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातील बुरशीमुळे दगावला. त्याचे वडील 2017 पासून तक्रार करत होते आणि त्यांना भिंत रंगवून घ्या असे सांगितले गेले होते. त्या प्रकरणातही कुटुंबाच्या राहणीला दोष दिला गेला होता. अशी ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत दूर करायला लावणारा, त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा नियम ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक गृहसंस्थांच्या, म्हणजे कमी भाड्याने घरे देणाऱ्या संस्थांच्या, घरांना लागू झाला. आमचे घर खासगी मालकाचे असल्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

आमच्या कामी आला तो दुसरा नियम, आणि त्याविषयी मला भरभरून लिहावेसे वाटते. इंग्लंडमध्ये घरमालकाला साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही आणि घेतलेली रक्कम 30 दिवसांत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावी लागते. तसे न केल्यास त्याला रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. घर सोडताना वाद झाला, तर योजनेचा निवाडा अधिकारी दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहून निर्णय देतो, त्यासाठी फी लागत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नुकसान भाडेकरूने केले हे मालकाला सिद्ध करावे लागते. तोवर पैसे भाडेकरूचेच मानले जातात. एजंटने रंगकामासाठी 640 पौंड मागितले होते. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच्या, घराची स्थिती नोंदवणाऱ्या त्यांच्याच यादीत, चौतिसाव्या पानावर, त्याच कोपऱ्याचे छायाचित्र होते आणि त्यात पापुद्रे सुटलेला रंग आणि पिवळसर डाग स्पष्ट दिसत होता. मी ते पान आणि नोव्हेंबरपासूनची सगळी पत्रे जोडली. रंगकामाची मागणी पूर्ण फेटाळली गेली. ओव्हनच्या सफाईचे 60 पौंड मात्र कापले गेले, आणि ते योग्यच होते.

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहत असताना रंगाच्या नावाखाली दोन महिन्यांचे भाडे गेले होते आणि मी एक ओळही लिहिली नव्हती. लिहायचे तरी कोणाला? तरीही येथील सगळे चांगले आणि आपल्याकडचे सगळे वाईट असे म्हणायला माझे मन तयार होत नाही. कारखान्यामागच्या आमच्या तीन खोल्यांत मागावरचे कामगार भाड्याने राहत. आबांनी त्यांच्याकडून कधी जामीन मागितला नाही आणि घरी आजारपण आले तर भाड्याची आठवणही केली नाही. 2019 च्या पुरात पंचगंगेचे पाणी त्या खोल्यांत शिरले तेव्हा तिथली सगळी कुटुंबे आमच्या माडीवर राहिली होती. पाणी ओसरल्यावर त्या भिंती कित्येक महिने ओल्या होत्या, हेही खरे आहे. आम्ही दोन महिने भाडे घेतले नाही, पण भिंती तशाच राहिल्या आणि कोणी तक्रार केली नाही. तक्रार नव्हती म्हणजे त्रास नव्हता असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

आता आम्ही एका जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. बैठकीच्या खोलीच्या मधोमध ओतीव लोखंडाचा खांब आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, जेथे कधी काळी यंत्रांना गती देणारा दांडा टेकवलेला असे, तेथे बोल्टची चार भोके बुजवलेली दिसतात. आबांना ती व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर त्यांनी खांब किती अंतरावर आहेत ते विचारले आणि मला पावलांनी मोजून सांगायला लावले. खिडकीजवळ मी आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र ठेवले आहे. दर रविवारी आबा प्रथम त्यावरचा आकडा विचारतात. या रविवारी तो 56 होता. माणसांना ठीक आहे, मागाला कमी पडेल, असे ते म्हणाले.