बडोद्यातला समुद्र एकदाचा ओसरला

मंडळी, ओएसएमच्या (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटावरून गार्मिनच्या जीपीएस यंत्रांसाठी मी बनवतो त्या नर्मदा खोऱ्याच्या नकाशाची नवी आवृत्ती चढवली आहे. तिच्यात मांडवी, न्यायमंदिर, दांडिया बाजार, सगळं कोरडं आहे! मागच्या आवृत्तीत खंभातचं आखात थेट हालोलच्या वेशीपर्यंत आलं होतं. ती उतरवून घेतलेल्या नाशिकच्या एका परिक्रमावासींचा निरोप आला, "नर्मदे हर! काका, तुमचं घर नक्की कुठल्या बेटावर?" २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने आम्हाला खरोखरच बुडवलं होतं, त्यामुळे आमच्या घरात हा विनोद कुणाला फारसा रुचला नाही.

कंटूर (उंचीच्या रेघा), सेल, कार्ड वगैरे गोष्टी शेवटी उरकतो. आज मुख्यतः समुद्र.

ईट्रेक्सच्या, म्हणजे गार्मिनच्या हातातल्या यंत्राच्या, पडद्यावर दिसत होतं ते असं: रस्ते जागच्या जागी, नावं बरोबर, रूटिंगही (मार्ग काढून देणं) व्यवस्थित, फक्त खालची जमीन निळी. आणि पूर्वेला निळ्याची कड पट्टीने आखावी तशी सरळ. अशी कड दिसली की पूर टाईलपुरता (नकाशाच्या एका चौकोनापुरता) आहे हे उघड असतं, कारण एमकेजीमॅप, म्हणजे ओएसएमपासून गार्मिनचा नकाशा बनवणारा प्रोग्राम, समुद्र प्रत्येक टाईलसाठी वेगळा बनवतो. मला चक्रावलं ते निराळ्याच गोष्टीने. त्याच्या आधीच्या आवृत्तीत फक्त जंबुसर आणि भरूच बुडालं होतं, बडोदं शाबूत होतं. मधल्या काळात किनाऱ्यावर कुणी काही बदललेलं नव्हतं. मग पाणी वाढलं कसं?

पाणी वाढलंच नव्हतं, टाईल वाढली होती. डेटाचे तुकडे करणारा स्प्लिटर दर वेळी नोड (नकाशातले बिंदू) मोजून नव्याने चौकोन पाडतो. कुठे तरी कुणी इमारती भरल्या, कुठे रस्ते जोडले, की सगळ्या रेघा सरकतात. या वेळी त्याने नर्मदेचं मुख आणि बडोदं एकाच चौकोनात घातलं. आता एक चांगली एरियाज-लिस्ट (चौकोनांची यादी) निवडून ती गोठवली आहे आणि स्प्लिटरला दर वेळी तीच स्प्लिट-फाईल म्हणून देतो. याने पूर थांबत नाही, पण निदान तो एका जागी उभा राहतो आणि त्याच्याकडे नीट बघता येतं. जे कोणी आपापल्या जिल्ह्याचे नकाशे बनवतात त्यांनी हे आजच करून टाका.

पुढचा टप्पा जनरेट-सीच्या, म्हणजे एमकेजीमॅपकडून समुद्र बनवून घेण्याच्या, पर्यायांचा. क्लोज-गॅप्स (किनाऱ्यातल्या फटी बुजवणारा) वाढवत नेला, काही फरक नाही. मग फ्लडब्लॉकर. तयार झालेल्या समुद्राच्या आत रस्ते सापडले तर तो समुद्र खोटा, असं हा पर्याय धरतो आणि ते बहुभुज काढून टाकतो. कल्पना झकास आहे. पण आमच्या टाईलमध्ये खरा समुद्र आणि खोटा समुद्र मिळून एकच बहुभुज झालेला. त्यात बडोद्यातले रस्ते दिसल्याबरोबर फ्लडब्लॉकरने अख्खं आखात उडवलं. म्हणजे पर्याय बंद ठेवला तर बडोदं पाण्यात, चालू केला तर दहेजसमोर कोरडं रान आणि त्यातून जाणारी होडीची रेघ. फ्लडब्लॉकर उपयोगाचा आहे, पण जिथे शहर किनाऱ्यापासून दूर आणि टाईल लहान तिथेच, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

"प्रीकॉम्प-सी वापर ना," असं दोघातिघांनी सुचवलं. तयार समुद्राची फाईल घेतली की कटकट मिटते हे खरं. पण मला याच किनाऱ्याच्या ताज्या दुरुस्त्या नकाशात हव्या असतात, आणि तयार फाईल ज्या दिवशी बनली त्या दिवसाचा समुद्र देते. शिवाय तिच्यामुळे दोष झाकला जातो, सापडत नाही. ओएसएमच्या मुख्य नकाशावर हेच तर होत होतं. ब्राउझरमध्ये बघितलं तर नर्मदेचं मुख अगदी निर्मळ! कारण तिथली किनाऱ्याची फाईल वेगळी तयार होते, आणि किनारा तुटलेला किंवा एकदम फार बदललेला वाटला तर नवी फाईल रोखून जुनीच दाखवली जाते. त्यामुळे "ऑनलाइन बरोबर दिसतंय, म्हणजे डेटा बरोबर आहे" हे अनुमान किनाऱ्यापुरतं सोडून द्यायचं.

शेवटी जोसम (ओएसएम दुरुस्त करायचा प्रोग्राम) उघडलं आणि किनारा वे-वे (रेघ-रेघ) करत पाहायला बसलो. आयडी संपादक झटपट कामाला छान आहे, पण किनाऱ्याच्या वेची दिशा डोळ्यांसमोर ठेवून मैलोनमैल जायचं तर जोसमला पर्याय नाही. नियम तुम्हाला माहीत आहे: वेच्या दिशेने तोंड केलं की जमीन डाव्या हाताला, पाणी उजव्या हाताला. मी दहेजकडून खाली येत, मुखातून आत वळून उत्तर तटाने पूर्वेकडे निघालो, आणि मध्येच लक्षात आलं की ही परिक्रमेचीच दिशा आहे. मैया उजव्या हाताला! उत्तर तटावर पूर्वेकडे, दक्षिण तटावर पश्चिमेकडे. किनाऱ्याचा वे आणि परिक्रमावासी एकाच दिशेने चालतात. फरक इतकाच की परिक्रमावासी तट बदलतात ते समुद्राच्या बाजूने होडीतून, आणि किनाऱ्याची रेघ तट बदलते ती वरच्या अंगाला, जिथे समुद्र संपून नदी सुरू झाली असं आपण धरतो तिथे.

आणि नेमकी तीच आडवी रेघ गायब होती. उत्तर तटाचा किनारा भरूचच्या दिशेने बराच आत जाऊन तसाच लोंबकळत थांबलेला. दक्षिण तटाचा मात्र पार खाली, मुखाजवळ सुरू होणारा. त्याच्या वरचा भाग कुणी तरी नदीच्या बहुभुजात घालून किनाऱ्याची खूण काढून टाकली होती. दोन टोकांमध्ये कित्येक किलोमीटरची फट. एवढ्या फटीपुढे क्लोज-गॅप्स काय करणार? एमकेजीमॅपने लोंबतं टोक टाईलच्या कडेला नेऊन जोडलं आणि बडोद्याची बाजू पाण्यात गेली.

बदल करणाऱ्याला चेंजसेटखाली (ओएसएमवरच्या बदलाच्या नोंदीखाली) लिहिलं. उत्तर सभ्य आणि समजूतदार आलं. उपग्रहचित्र ओहोटीच्या वेळचं, त्यात मुखाशी नुसता गाळ दिसतो, म्हणून त्यांना ती नदीची काठरेघ वाटली. त्यांना दोष देववत नाही. भारतात सर्वांत मोठी भरती-ओहोटी याच आखातात होते. भावनगरला दोन पातळ्यांमधला फरक १० मीटरच्या वर जाऊ शकतो. सपाट गाळावर १० मीटर म्हणजे किनारा केवढा आतबाहेर होत असेल! एका चित्रात समुद्र, दुसऱ्यात मैदान, आणि दोन्ही खरी. ओएसएमचा संकेत असा की किनारा उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीवर काढायचा आणि त्याच्या बाहेरचा गाळ टायडल-फ्लॅट म्हणून वेगळा दाखवायचा. दोघांच्या संमतीने दक्षिण तटाचा किनारा वर नेला आणि आडवी रेघ भाडभूतच्या खालच्या अंगाला घातली. तिथे खारं पाणी अडवायला बराज (बंधारा) बांधला जातोय. तो पुरा झाला की समुद्र कुठे संपतो हा वाद काँक्रीटच मिटवेल.

त्यानंतरची पहिली बांधणी कार्डावर टाकून ईट्रेक्स सुरू केला आणि नकाशा आखातापासून पावागडापर्यंत नुसता सरकवत बसलो. चहा निवला.

या सगळ्यात कावी-कंबोईचा प्रश्न वर आला. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीत मोकळं होतं, दिवसातून दोनदा. एका वापरणाऱ्याची तक्रार होती की मंदिर समुद्रात दाखवलंय. दाखवणारच, किनाऱ्याच्या व्याख्येने ते समुद्रातच आहे! पण तक्रारीत तथ्य आहे: आमच्या स्टाईलमध्ये टायडल-फ्लॅटला रंगच नव्हता. आता टीवायपीत (रंग-नक्षीच्या फाईलीत) निळ्यावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी दिली आहे आणि ड्रॉ-ऑर्डरमध्ये ती समुद्राच्या वर चढवली आहे. ईट्रेक्स २० च्या जुन्या पडद्यावर ठिपके जरा गिचमिड दिसतात. ३२एक्सवर सुरेख.

समुद्र जागेवर आल्यावर होडीचा मार्गही बघून घेतला. विमलेश्वर ते मिठी तलाई ही फेरी आता रूटिंगमध्ये धरली जाते. यंत्र पोहोचायची वेळ सांगतं तिच्याकडे दुर्लक्ष करा. होडी भरतीच्या पाण्यावरच सुटते, आणि भरतीची वाट बघण्याला रूटिंगच्या हिशेबात जागा नाही. पण आधी काय व्हायचं ते आठवा. फेरी तुटलेली असली की यंत्र दक्षिण तटावरच्या माणसाला उलटं भरूचला नेऊन १८८१ च्या गोल्डन ब्रिजवरून पलीकडे काढायचं. म्हणजे नर्मदा मध्येच ओलांडून परिक्रमाच खंडित!

हे लिहिता लिहिता सुचलं: फेरी नीट असली तरी हा धोका बाकी सगळ्या पुलांवर आहेच. वाटेत कुठेही "पुढचा आश्रम" विचारला आणि पूल जवळ असला, तर यंत्र बेलाशक नर्मदा ओलांडायला सांगणार. मग परिक्रमेच्या नकाशात नर्मदेवरचे पूल पायी चालणाऱ्याला बंदच का करू नयेत? उपनद्यांवरचे उघडे ठेवायचे, त्या ओलांडायला आडकाठी नाही. स्टाईलमध्ये इज-इन (आत आहे का हे तपासणारी अट) वापरता येईल: आधी ऑस्मियम या प्रोग्रामने नर्मदेच्या पात्राचे बहुभुज वेगळे काढून त्यांना आपली एक खूण लावायची, मग जो रस्ता पूल आहे आणि त्या खुणेच्या बहुभुजात अंशतः तरी येतो, त्याला एमकेजीमॅपचा फूट-नो (पायी बंद) द्यायचा. मी पुढच्या आवृत्तीत कंटूर सुधारणार होतो. ते आता मागे. आधी हे.

अर्थात याचे दोन नकाशे करावे लागतील. नुसत्या भटक्यांना पूल हवेत. उत्तरवाहिनी परिक्रमा (नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्या पट्ट्याची छोटी परिक्रमा) करणाऱ्यांना तर तिलकवाडा आणि रामपुऱ्याच्या पट्ट्यात नदी ओलांडावीच लागते, त्यांनीही साधाच घ्यावा. दोन्हींचा फॅमिली-आयडी (नकाशाचा ओळख क्रमांक) वेगळा ठेवतो, म्हणजे एकाच कार्डावर नांदतील आणि सेटअपमधून हवा तो चालू करता येईल.

कंटूरबद्दल एवढंच: सरदार सरोवराच्या पाण्यात कंटूरच्या रेघा का दिसतात असं विचारलं जातं. आपली उंची एसआरटीएमची (अवकाशयानातून केलेल्या उंचीच्या मोजणीची), म्हणजे फेब्रुवारी २००० ची. तेव्हा धरण पुऱ्या उंचीच्या खूपच खाली होतं, १३८.६८ मीटरची पातळी नंतरची. त्यामुळे रेघांमध्ये दरीचा नंतर बुडालेला वरचा भाग आहे.  पुष्कळांनी त्या काढून टाका म्हटलं. मी काढणार नाही.

सेल: रिचार्जेबल घेताना पांढऱ्या एनेलूपवर पैसे घाला, आणि सेटअपमध्ये बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर यंत्र भलतीच पातळी दाखवतं. कार्ड: इथल्या एका दुकानातून घेतलेलं "३२ जीबी" अर्ध्यावर भरलं की फायली खराब करायला लागलं. मोठं कार्ड लागतच नाही, ८ जीबीचं पुरतं. एफएटी३२ वर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही आणि आपली तर त्याच्या आसपासही नाही. देवनागरी नावं अजून नाहीत, कारण तेच: युनिकोड नकाशा नवं फर्मवेअर उघडू देत नाही.

पूल-बंद नकाशाची चाचणी आवृत्ती तयार होईल तेव्हा ती वेगळ्या नावाच्या फाईलने चढवेन. चालू जीमॅपसप (आत्ताच्या नकाशाची फाईल) पुसू नका. ओंकारेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांची मदत हवी आहे. परिक्रमेतला माणूस बेटावर जात नाही, दक्षिण तटावर ममलेश्वरचं दर्शन घेतो. तेव्हा ममलेश्वरापाशी उभं राहून पायी प्रोफाइलवर ओंकारेश्वराचा रस्ता मागा. मार्ग सापडला नाही असा संदेश आला तर नकाशा बरोबर. सापडला, तर ज्या पुलावरून नेलं त्याचा वे क्रमांक मला धाडा.