बाईंचा दुधाचा तास

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी आलं 2000 साली, आणि माझी दहावी 1988 ची. कॉन्व्हेंटच्या मुली आमच्यापुढे फाडफाड बोलायच्या, आम्ही नुसत्या ऐकायचो.

सातवीत आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी शब्दार्थांची वही बाजूला ठेवायला लावली. टेबल, फॅन, बकेट तुमच्या आजीलाही येतं, त्या म्हणायच्या. त्या वस्तूचं घरात काय करतात ते सांगा. दार, दिवा, नळ, पंखा, आपण सगळंच 'बंद' करतो, म्हणून अख्खा वर्ग 'क्लोज द लाइट' म्हणायचा. "क्लोज दाराखिडक्यांना गं! दिवा, नळ, पंखा टर्न ऑफ." दूध उतू गेलं की 'बॉइल्ड ओव्हर', नासलं की 'गॉन ऑफ', संपलं की 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. दुधावरच तास संपायचा. 'मेक द बेड' म्हणजे सकाळी अंथरूण-पांघरूण नीट करणं, सुतारकाम नव्हे, हेही तेव्हाच कळलं. (व्याकरणात मात्र बाईंना फारसा रस नव्हता. पॅसिव्ह व्हॉइस मी क्लासला जाऊन शिकले.)

पुढे नर्स झाले आणि उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये लागले. औषधांची इंग्रजी नावं आम्हा सगळ्याजणींना पाठ होती, पण तिथल्या आजीबाई कुठे तसं बोलतात? 'ड्रॉ द कर्टन्स, लव्ह', 'पुट द केटल ऑन', असंच दिवसभर. बरोबरीच्या मुली अडखळायच्या, मला ते ओळखीचं वाटायचं.

बाईंनी न शिकवलेलंही पुष्कळ निघालं. व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं म्हणजे 'हूवरिंग', कंपनीच्या नावाचंच क्रियापद. 'कुकर' म्हणजे शिट्टीचा नव्हे, शेगडी आणि ओव्हन मिळून. पाणी तापवायला बॉयलर. 'गीझर' म्हटलं तर एखाद्या बाप्याबद्दल बोलताय असं वाटायचं. आणि संध्याकाळी 'व्हॉट्स फॉर टी?' विचारणाऱ्या आजोबांना चहा नको असतो, जेवण हवं असतं. तिकडे उत्तरेत पुष्कळ घरांत दुपारचं जेवण डिनर आणि संध्याकाळचं टी.

हे मागच्या सुट्टीत बाईंना सांगितलं. ऐंशीच्या घरात आहेत, कान मात्र तिखट.

"मग सपर कशाला म्हणतात गं?"

"झोपण्याआधी दूध-बिस्किट खातात ना, त्याला."

"हं. म्हणजे दूध आलंच."