तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अर्जावरची सही

"कामं मिळत होती, चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला होता, मग बिबट्यांच्या मागे कशाला लागलात?" लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, बोरिवलीला भाजी घेताना, कुणी ना कुणी विचारतंच.

गोरेगावच्या चित्रनगरीत रात्रीचं शूटिंग होतं. प्लायवूडच्या वाड्यामागून एक बिबट्या चालत गेला. धावला नाही, आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. लगेच पॅकअप झालं. दुसऱ्या दिवशी अर्ज तयार झाला: पिंजरा लावा, याला लांब नेऊन सोडा. त्यावर मीही सही केली. दोघांचंही भलं होईल, असंच वाटलं होतं मला.

पुढे वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांचं संशोधन वाचनात आलं. जुन्नर भागातले बिबटे २००१ पासून पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे ते वाढले. उचललेला बिबट्या अनोळखी मुलखात बावरतो, आपल्या हद्दीकडे परतायला बघतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. म्हणजे मी सही केली होती ती नव्या हल्ल्यांच्या शक्यतेवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच सुमारास व्हर्जिनिया मॅकेना या इंग्रज अभिनेत्रीविषयी कळलं. केनियात एका चित्रपटात तिने पोले पोले नावाच्या हत्तिणीच्या पिल्लासोबत काम केलं. स्वाहिलीत पोले पोले म्हणजे हळूहळू. चित्रपट संपला, पिल्लू लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेलं आणि १९८३ साली, ऐन तारुण्यात, तिथेच मेलं. पुढच्याच वर्षी मॅकेना आणि तिचा नवरा बिल ट्रॅव्हर्स यांनी बंदिस्त प्राण्यांसाठी संस्था उभी केली. मी काही तिच्या तोलाचा नट नव्हतो. पण आपलं काम झालं की प्राण्याचं काय होतं, हा तिचा प्रश्न मला चिकटला तो चिकटलाच.

आता आरेतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवर, चाळींत जातो. कचरा साठला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून आधी कचऱ्याचं बोलतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. उघड्यावर शौचाला बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून वस्तीत संडास हवा, त्यात दिवा हवा. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, त्याला वाट द्या. वारली म्हाताऱ्यांना यातलं बरंच आधीपासून ठाऊक असतं. ते त्याला वाघोबा म्हणतात, पुजतात. त्यांच्यासमोर मी बोलतो कमी, ऐकतो जास्त.

आणि अभिनय सोडला, असं कोण म्हणतं? पाड्यावरच्या अंगणात मीच बिबट्या होतो. पोरं सरळ उभी राहतात, नजर माझ्यावर ठेवून एकेक पाऊल मागे घेतात. एखादं घाबरून पळालं, की आम्ही पुन्हा पहिल्यापासून करतो.