नवजात बाळासाठी बेबी कॅरिअर घेताय? आधी घट्ट बसतो का ते बघा

बाळ खाली ठेवलं की रडतं, उचललं की गप्प, आणि मग आपले दोन्ही हात दिवसभर अडकलेले, त्यामुळे कधी ना कधी आपण बेबी कॅरिअर, म्हणजे बाळाला अंगाला बांधून घ्यायचं साधन, शोधायला लागतोच. शोधायला गेलं की इतके प्रकार, इतके फोटो, इतके रिव्ह्यू की काहीच ठरत नाही. मैत्रिणी मला विचारतात की कुठला घेऊ, तर मी कुठलंही नाव सांगायच्या आधी एवढंच सांगते की तो बाळाला घट्ट धरून ठेवतो का ते बघ, पॅडिंग, खिसे, रंग वगैरे सगळं नंतर.

हे ऐकून बहुतेक जणी घाबरतात. एवढंसं बाळ आणि त्याला घट्ट बांधायचं, गुदमरेल ना! पण होतं नेमकं उलटं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने जड असतं, मान अजून धरलेली नसते आणि श्वासनलिका अगदी अरुंद आणि मऊ असते. कापड सैल असलं की बाळ आत घसरतं, पाठ गोळा होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडली जाते. दुसरा धोका म्हणजे नाक-तोंड कापडात नाहीतर आपल्याच अंगात दाबलं जाणं, कारण इतक्या लहान बाळाला मान वळवून तोंड बाजूला घेता येत नाही. आणि यात सगळ्यात भीतीदायक काय, तर असं होताना बाळ रडत नाही, धडपडत नाही, काही आवाजच येत नाही, आपल्याला वाटतं झोपलंय शांत. म्हणून सैल कापडात बाळाला मोकळं वाटेल हा विचार पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल (म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या कापडी झोळीबद्दल) जाहीर इशारा दिला होता आणि ४ महिन्यांपेक्षा लहान बाळांच्या बाबतीत विशेष जपायला सांगितलं होतं. त्याच महिन्यात पिशवीच्या आकाराच्या सुमारे १० लाख स्लिंग बाजारातून परत मागवल्या गेल्या, कारण त्यात बाळं दगावली होती. त्यामुळे बाळ ज्यात आडवं, गोळा होऊन, खोल आत झोपतं आणि वरून त्याचा चेहरा दिसत नाही अशी पिशवीसारखी स्लिंग नवजात बाळासाठी घेऊच नका, कितीही गोंडस दिसली तरी.

मग बरोबर कसं ओळखायचं? ब्रिटनमध्ये स्लिंग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांनी मिळून टिक्स नावाचा नियम केलाय आणि मला तो फार आवडतो कारण तो घरी आरशासमोर उभं राहून तपासता येतो. बाळ आपल्या अंगाला घट्ट चिकटून उभं असावं, मान खाली केली की कापड न सारता त्याचा चेहरा दिसावा, आपण नुसती मान वाकवली की त्याच्या टाळूची पापी घेता यावी, हनुवटी आणि छातीच्या मध्ये आपलं निदान एक बोट सहज जावं (मी दोन घालून बघायचे) आणि पाठीला नीट आधार असावा. पाठीचं कसं बघायचं तर बाळाच्या पाठीवर हात ठेवून हलकंच दाबायचं, दाबल्यावर बाळ सरळ झालं किंवा आपल्याकडे अजून सरकलं तर समजायचं की कापड सैल आहे.

आता पाय. फोटोत बाळाचे पाय सरळ खाली लोंबताना दिसले तर तो कॅरिअर मी सोडून देते. पहिल्या काही महिन्यांत खुब्याचा सांधा अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे मांड्यांना गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत खालून आधार हवा आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत, समोरून बघितलं तर इंग्रजी एम अक्षरासारखं दिसतं. खुब्याच्या सांध्याच्या दोषावर काम करणारी इंटरनॅशनल हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूटही हीच पोझिशन सुचवते. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, की नवजात बाळ खूपच छोटं असतं आणि मोठ्या बाळासाठी केलेलं रुंद सीट त्याचे पाय ओढून फाकवतं, ते पण चुकीचंच. म्हणून सीटची रुंदी कमी-जास्त करता येणारा कॅरिअर बघा. बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

प्रकारांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यांसाठी मला स्ट्रेची रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचं ताणणारं कापड, सगळ्यात आवडतो. मऊ असतो, बाळाच्या मापाप्रमाणे बसतो, बकलचं काही टोचत नाही. बांधायला शिकावं लागतं, लांबच लांब कापड बघून आधी दडपण येतं पण ते जातं. फक्त तो पाठीवर बाळ घ्यायला कधीच वापरायचा नाही आणि बाळ जड झालं की तो लोंबायला लागतो, तेव्हा बदलायचा. विणलेल्या कापडाचा रॅप जास्त दिवस टिकतो पण त्याला सराव जास्त लागतो. रिंग स्लिंग, म्हणजे रिंगांमधून ओवून एका खांद्यावर घ्यायचं कापड, पटकन घालता-काढता येते, वजन मात्र सगळं एका खांद्यावर, त्यामुळे आलटून पालटून खांदा बदलायचा.

बकलवाला घेताना लेबलवरचं कमीत कमी वजन आधी वाचा. बऱ्याच कॅरिअरना ते ३.२ किंवा ३.५ किलो असतं, म्हणजे बॉक्सवर जन्मापासून असं लिहिलेलं असलं तरी अडीच-पावणेतीन किलोचं बाळ त्यात बसत नाही! काहींना नवजात बाळासाठी वेगळी गादी लावावी लागते, ती त्याच कंपनीची त्याच मॉडेलची हवी, त्याऐवजी दुपटं गुंडाळून खाली ठेवायचं नाही कारण ते सरकतं. बाळाचं तोंड बाहेरच्या बाजूला करून घेणं तर मान पक्की धरेपर्यंत नाहीच, म्हणजे साधारण ४ ते ६ महिने विसरा. आणि बाळ दिवसांआधी झालेलं असेल, वजन कमी असेल किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर कुठलाही कॅरिअर वापरण्याआधी डॉक्टरांशी बोला, यात मी अजिबात तडजोड करणार नाही.

आपल्या आरामाचं पण बघायलाच पाहिजे, कारण दुखत असेल तर आपण पट्टे सैल करतो आणि तिथेच सगळं बिघडतं. सिझेरियन झालं असेल तर कंबरपट्टा टाक्यांवर यायला नको, थोडा वर बांधा, नाहीतर सरळ रॅप वापरा. पाठ दुखत असेल तर बहुतेक वेळा बाळ खूप खाली असतं, वर घेतलं की फरक पडतो. घरात बाबा, आजी असे दोघं-तिघं वापरणार असतील तर पट्टे सगळ्यांच्या मापाला होतात का ते घालून बघा, आणि दर वेळी घालताना पट्टे परत ओढून घ्या, आधीच्याचं माप तसंच ठेवू नका.

उकाड्याचं लक्षात ठेवा, कॅरिअरचा प्रत्येक थर म्हणजे बाळाच्या अंगावरचा एक कपडाच. मध्ये मध्ये मानेच्या मागे हात लावून बघा. बाळ अंगावर असताना गॅसजवळ जायचं नाही, गरम चहा हातात घ्यायचा नाही, सायकल-स्कूटर नाही, गाडीत तर नाहीच, तिथे कार सीटच लागतं. खाली वाकायचं असेल तर कमरेतून नाही, गुडघ्यातून, आणि एक हात बाळावर ठेवून. कॅरिअरमध्ये पाजलंत तर पिऊन झालं की लगेच परत वर, उभ्या स्थितीत घ्या.

खरेदी करताना युरोपचं ईएन १३२०९-२ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ २२३६ असं सुरक्षेचं स्टँडर्ड लिहिलंय का बघा, हे बकलवाल्यांसाठी असतं. कुणाचा जुना घेत असाल तर शिवण, बकल, रिंग सगळं ताणून बघा आणि तो मॉडेल कंपनीने परत मागवलेला नाही ना ते शोधा. ओळखीच्या ब्रँडचा फारच स्वस्त मिळत असेल तर तो नकली असू शकतो, आणि नकलीत बकल कसलं वापरलंय ते कोणी तपासलेलं नसतं.

एवढा सगळा खटाटोप कशाला, असं वाटेल कुणाला. तर १९८६ साली कॅनडात एक अभ्यास झाला होता, त्यात आईवडिलांनी बाळाला रोज जास्तीचे किमान ३ तास अंगावर घ्यायचं होतं, रडल्यावरच नाही तर एरवीही, आणि ६ आठवड्यांच्या वयाला ती बाळं बाकीच्यांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. मला तर हा आकडा माहीत नसता तरी पटलं असतं, कारण छातीशी बांधलेलं बाळ कसं विरघळतं ते मी बघितलंय.

पहिल्यांदा बांधायचं ते बाळ पोटभर प्यायलेलं आणि खुशीत असताना, पलंगाजवळ उभं राहून, सोबत कुणीतरी असताना. त्याआधी बाहुली किंवा उशी बांधून सराव करा. बाळ आत घेतल्यावर रडलं तर उभं न राहता चालायला लागा, बरीच बाळं चालताना शांत होतात, नाहीच झालं तर काढा आणि थोड्या वेळाने बघा. आणि पाच-दहा मिनिटं चालून झाल्यावर हनुवटीखाली परत बोट घालून बघा, कारण चालताना कापड थोडं सैल होतंच. झालं असेल तर वरच्यावर ओढून न घेता बाळाला बाहेर काढून पहिल्यापासून बांधा.