मोसंबीचा पतंग : अळी सापडली, पण मोसंबीवर नव्हे

मोसंबीचा रस पिणाऱ्या पतंगाची अळी अखेर सापडली, आणि बरणीत तिचा पतंगही झाला. मोसंबीवर नाही, डाळिंबावर नाही, पेरूवर तर नाहीच. आमच्या घरामागच्या गल्लीत जो मोठा निंब आहे, त्याच्यावर चढलेल्या गुळवेलावर सापडली. अळी हाती आली तेव्हाच लिहिणार होतो, पण पतंग निघेपर्यंत कळ काढली. आता खात्रीने सांगता येतं.

नव्यांसाठी थोडक्यात. भडगावला गिरणेच्या काळ्या मातीत घरामागे बाग आहे. रंगपूर खुंटावरच्या तीन न्यूसेलर मोसंबी, चार भगवा डाळिंब, दोन सरदार पेरू, एक बाळानगर सीताफळ आणि कुंपणाला कागदी लिंबू. मोसंबीचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा धरलाय. कानबाईचा सण झाला, फळं रंग धरू लागली आणि रोज सकाळी झाडाखाली गळलेली फळं दिसू लागली. प्रत्येक फळावर सुईने टोचावं तेवढं एक भोक, भोवती फिकट मऊ डाग. फळ दाबलं की भोकातून रसाची चिळकांडी उडते आणि आंबूस वास येतो.

गळ दिसली की सगळे आधी फळमाशीचं नाव घेतात. म्हणून ओळख पुन्हा लिहितो. फळमाशीचं फळ कापलं की फोडींत पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या वळवळतात. इथे एकही अळी नाही. सालीखालचा गर कोरडा, स्पंजासारखा झालेला आणि बाकीचं फळ आंबायला लागलेलं. ही करणी रस शोषणाऱ्या पतंगाची. शास्त्रीय नाव युडोसिमा. कृषीच्या जुन्या पुस्तकांत तोच ओथ्रिस म्हणून भेटतो.

रात्री जेवणं आटोपली की डोक्याला टॉर्च बांधून बागेत जातो. साधारण आठपासून अकरापर्यंत यांची वर्दळ असते. पानाआड बसलेला पतंग आधी दिसत नाही, टॉर्चच्या उजेडात तांबूस चमकणारे त्याचे डोळे दिसतात. पंख मिटले की तो वाळलेल्या पानासारखा दिसतो. उघडले की मागचे पंख भडक नारिंगी, काठाला काळी पट्टी आणि मधोमध काळा गोल ठिपका. ही युडोसिमाची मटेर्ना जात. फुलोनिया या दुसऱ्या जातीच्या पंखावर गोल ठिपक्याऐवजी वाकडा काळा डाग असतो, तोही एकदा दिसला.

एका रात्री वीतभर अंतरावरून एकाला फळ टोचताना पाहिलं. पाय सालीवर घट्ट रोवले, सोंड सरळ खाली केली आणि डोकं डावी-उजवीकडे झटके देत हलवायला लागला. सोंडेचं टोक कडक असतं, त्याला काटे असतात, त्यामुळे ती सालीत करवतीसारखी आत उतरते. बाकीच्या बहुतेक फुलपाखरांची, पतंगांची सोंड मध चोखायची मऊ नळी असते, तिने मोसंबीची साल फुटणार नाही. एकदा रस लागला की पतंग हलत नाही, टॉर्च अगदी जवळ नेला तरी. याने भोक पाडलं की मागून लहानसहान पतंग त्याच भोकावर येऊन बसतात, मग बुरशी, मग गळ.

आता मूळ अडचण. हा पतंग मोसंबीवर फक्त प्यायला येतो. अंडी तिथे घालत नाही, दिवसा तिथे राहत नाही, त्याची पिल्लावळ तिथे वाढत नाही. मग मोसंबीवर फवारून काय साधणार? औषध बसणार तोडणीला आलेल्या फळावर, आणि ते फळ खाणार आपली पोरं. एका कृषी सेवा केंद्रातून ‘मोसंबीच्या पतंगासाठीच आहे’ म्हणून कामगंध सापळ्याची, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारी वडी दिली होती. पाकीट उलटून पाहिलं तर ती पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाची, म्हणजे सोयाबीन-कपाशीची. माझं स्पष्ट मत आहे, घरगुती बागेत वडी घेताना वरच्या चित्राकडे बघू नका, आतल्या किडीचं नाव वाचा. मिथाइल युजेनॉलच्या डब्याचंही तेच. तो पेरूजवळ हवाच, पण त्यात येतात फक्त फळमाशीचे नर. या पतंगाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

म्हणून शोध अळीचा. या पतंगाची अळी गुळवेल आणि त्याच कुळातल्या वासनवेलीवर वाढते, हे वाचून माहीत होतं. वासनवेल म्हणजे लहानपणी आपण पानं पाण्यात चुरगळून पाण्याची जेली करायचो, तीच. नाल्याकाठच्या कुंपणावर ती भरपूर आहे, पण शेळ्यांनी पार खुडून टाकलेली. तिथे काही हाती लागलं नाही. मग निंबाखाली शिडी लावली. गुळवेलाच्या बदामी पानांना मोठमोठी भोकं, काही पानांचे नुसते देठ उरलेले. आणि एका फांदीवर ती बसलेली. मखमली काळपट अंग, दोन्ही बाजूंना पिवळट-पांढऱ्या कड्यांचे दोन-दोन डोळे रंगवल्यासारखे. खरे डोळे नव्हेत ते, पाखरांना घाबरवायची नक्षी. फांदी हलवली की डोकं पोटाखाली घालते, कंबर वाकवते आणि मागचं टोक वर करते. एकदा पाहिली की दुसऱ्या कुठल्या अळीशी घोळ होत नाही.

तीन अळ्या काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. रोज ताजी पानं टाकायचो, सकाळपर्यंत फक्त देठ उरायचे. मग दोघींनी पानं रेशमाने एकमेकांना चिकटवली आणि आत कोष केला. तिसरी सुकून गेली. पहिला पतंग निघाला त्या रात्री घरातले सगळे बरणीभोवती जमले होते. पंख भरले, उघडले, आणि मागच्या पंखावर तोच काळा गोल ठिपका! मोसंबीवरचा पाहुणा आणि निंबावरची अळी एकच, हे आपल्या डोळ्यांनी पाहण्यात जे समाधान आहे ते पुस्तकात नाही.

इथून पुढे प्रश्न सोपा व्हायला हवा होता. तो अवघड झाला.

तो गुळवेल समोरच्या नानींचा. निंबावरचा गुळवेल औषधाला सगळ्यात चांगला मानतात, आणि 2020 च्या करोनापासून तर आमच्या गल्लीत घरटी एक वेल झालाय. नानी अजून रोज बोटभर कांड ठेचून काढा घेतात. शिडी पाहूनच त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘गुयवेलले हात नको लावजो, भाऊ.’’ त्यांचं खरं आहे. ज्याचा काढा माणसं पितात त्या वेलावर कीटकनाशक मारण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. त्यावर चर्चाच नको.

तोडून टाकायचा म्हटलं तरी गुळवेल असा जात नाही. बुंध्याशी कापला तर वरचा भाग लोंबती मुळं खाली सोडतो आणि पुन्हा माती धरतो. शिवाय हा पतंग लांबून उडत येतो. गल्लीतले सगळे वेल काढले तरी नाल्याकाठची वासनवेल आहेच.

मी नानींना बरणी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि विचारलं, ‘ही माझा काढा खाते का?’ मी हो म्हटलं. आता दुपारी पोथी झाली की त्या स्वतः वेलाच्या खालच्या फांद्या उलथून बघतात आणि सापडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या डबड्यात टाकतात. माझ्या सगळ्या सापळ्यांपेक्षा हा इलाज मला जास्त मोलाचा वाटतो. शिडीच्या वरचं मात्र राहून जातं. निंब उंच आहे.

हे लिहिता लिहिता काल आणलेली पानं पुन्हा भिंगाखाली घेतली, आणि पुढचा बेतच बदलला. पानाच्या खालच्या बाजूला अंडी आहेत. बहुतेक फिकट पिवळसर, पण एका पुंजक्यातली बरीचशी काळी पडलेली. ट्रायकोग्रामाची माशी दुसऱ्याच्या अंड्यात अंडं घालते तेव्हा ते अंडं असंच काळं पडतं. या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस या दोन्ही परोपजीवी माश्या येतात. म्हणजे निंबावर आपले मदतनीस आधीपासून कामाला लागलेत! हे खरं निघालं तर वेलाची पानं सरसकट खुडणं बंद करावं लागेल. अळ्या वेचायच्या, अंड्यांची पानं खुडायची नाहीत. काळ्या अंड्यांचं पान चाचणीनळीत, कापसाचा बोळा लावून ठेवलंय. आतून काय निघतं ते बघू.

आणि त्यातूनच दुसरी कल्पना. गुळवेलाचं एक कांड कुंडीत लावून माझ्याच कुंपणावर कंबरेइतक्या उंचीवर चढवायचं. मादी तिथेही अंडी घालेल, आणि तो वेल माझ्या नजरेखाली राहील, रोज पानं उलटून बघता येतील. नानींनी कांड द्यायचं कबूल केलंय. पतंग बागेच्या आणखी जवळ येतील ही शंका मलाही आहे. पण ते तसेही येतातच, त्यांना पिकल्या मोसंबीचा वास ओढतो. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, मिळालं तर ते याच वेलावर टाचेन. एका कार्डवर साधारण 20 हजार अंडी असतात, घरच्या बागेला त्याचा तुकडाही खूप झाला. बोंडअळीसाठी कपाशीवाले ती मागवतात, त्यांच्याबरोबर सांगून ठेवतो.

यंदाची फळं वाचवायला काय चाललंय ते आता पटापट. डाळिंबाला केळीची स्कर्टिंग बॅग कापून पिशव्या शिवल्या. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला लावतात ती पांढरी, न विणलेली. नातेवाइकांच्या मळ्यात घड काढल्यावर उरलेल्या मिळाल्या, धुऊन घेतल्या. एका बॅगेत बरीच डाळिंबं निघतात, हवा खेळते, पावसात कागदासारखी फाटत नाही. बटर पेपर मी यापुढे घेणार नाही. पिशवीतल्या डाळिंबांना अजून टोच नाही, आणि फळ पोखरणाऱ्या अळीपासूनही तेवढीच सुटका झाली. एकच काळजी घ्या, पिशवी ढगळ ठेवा. मोसंबीच्या एका झाडावर अख्खी मच्छरदाणी टाकली होती, तेव्हा जाळीला टेकलेली फळं बाहेरूनच टोचली गेली होती. त्याची सोंड लांब आहे. आता बांबूच्या कमानी करून जाळी फळांपासून वीतभर दूर धरलीय. त्या झाडाखालची गळ जवळपास थांबलीय. बाकी दोन झाडांची फळं मी थोडी आधीच उतरवतोय, रस किंचित कमी भरला तरी चालेल.

मच्छर मारायची विजेची रॅकेट या कामाला कुचकामी आहे. एवढ्या मोठ्या पतंगाला ती फक्त डिवचते. मासे पकडायची हातजाळी उत्तम. पतंग पीत असताना खालून अलगद लावायची, तो खालीच पडतो. गोवरी आणि निंबाच्या पाल्याचा धूर करायला जाणते सांगतात. वारा पडलेला असेल त्या रात्री त्याचा गुण येतो, पण गिरणेवरून वारा सुटला की धूर बागेत थांबतच नाही. गुळाच्या पाण्याच्या आमिषात विष घालून ठेवतात, ते मी करत नाही. आमच्याकडे मांजरं आहेत, आणि मधमाश्यांचाही विचार करायला हवा. गळलेली फळं मात्र रोज उचलून खोल पुरा, झाडाखाली आंबू देऊ नका. त्या वासावर रात्री सगळी जमात गोळा होते.

बाकी बागेचं बरं चाललंय. पेरूच्या डब्यात माश्या भरपूर, पण मादी डब्यात येत नसल्यामुळे पेरू सुपारीएवढे झाले की पिशवी घालतोच. सीताफळाच्या खोडाला ग्रीसची पट्टी बांधल्यापासून मुंगळे वर चढत नाहीत. पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, वाढवण्यात मुंगळ्यांचा मोठा हात असतो, आणि आता फळांच्या खोबणीत ढेकूण दिसेनासे झालेत. लिंबावर फुलपाखराच्या अळ्या आहेत, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. मोठ्या झाडाला त्यांनी काही होत नाही, त्यांना मी हात लावत नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. जपानमध्ये फळबागांत रात्रभर पिवळे दिवे लावतात. त्या उजेडात पतंगाचे डोळे दिवसासारखे होतात आणि तो फळावर न येता गप्प बसून राहतो. म्हणजे आपला नेहमीचा प्रकाशसापळा जे करतो त्याच्या बरोबर उलट. पांढरा दिवा लावून मी पाहिला, त्यावर हा पतंग फारसा येत नाही, दुसरेच किडे येतात. पुढच्या आंबिया बहाराला जाळी नसलेल्या दोन झाडांपैकी एकावर पिवळा एलईडी लावायचा आणि दुसरं अंधारात ठेवायचं, असा विचार आहे. दोन्हीकडची गळ रोज वेगवेगळ्या टोपलीत मोजेन. रात्रीचं भारनियमन लक्षात घेता बॅटरीवर चालणारा दिवा लागेल. कुणी मोसंबीवर किंवा डाळिंबावर पिवळा दिवा लावून पाहिला असेल तर किती वॅटचा, झाडापासून किती उंचीवर आणि कितीला पडला, ते सांगा. आणि तुमच्या गल्लीत गुळवेल असेल तर या आठवड्यात त्याची पानं उलटून बघा. काळी अंडी दिसली तर पान खुडू नका, फोटो काढून पाठवा.