आमची वाटचाल : जाळी पडलेल्या चाळीस पेट्या

फोंड्यात आमच्या आधी ॲक्रिलिकचं काम करणारे नव्हते असं नाही. पाट्या, ट्रॉफ्या, दुकानांचे काउंटर करणारे होते आणि आजही आहेत. पण स्केल मॉडेल विमानाच्या मापाची पेटी, जिच्यात मॉडेल गोव्याचे चार पावसाळे काढूनही जसंच्या तसं राहतं, ती इथे आधी आमच्याकडे झाली. हे दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून आम्हीच लिहून ठेवतो.

सुरुवात दोघांची. वरचं पारदर्शक काम आमचं, खालचा तळ आमच्या सुतारांचा, म्हणजे मेस्तांचा. मेस्तांच्या पेटाऱ्यात काटकोन तपासायचा एक जुना पोलादी गुण्या होता, त्यावर आमचा सगळा धंदा उभा राहिला. लेझरने कापलेला तुकडा काटकोनातच असतो हा गैरसमज आहे. किरण किंचित निमुळता असल्यामुळे ५ मिमीच्या शीटची कड वर-खाली सारखी येत नाही, आणि चार बाजूंचा तो केसभर फरक शेवटच्या कोपऱ्यात एकत्र दिसतो. मेस्त प्रत्येक कड गुण्याला लावून उजेडात धरायचे. उजेड दिसला की तुकडा परत.

मेस्तांशी आमचा एकच वाद, सागवानाचा. सागवान देखणं खरं, पण बंद पेटीत लाकूड आम्लाची वाफ सोडतं, एमडीएफही सोडतो. प्लॅस्टिकला त्याचं काही नाही. मात्र जड मॉडेलला व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे) चाकांचे पाय लावलेले असतील आणि त्यात शिसं असेल, तर काही वर्षांत त्या पायांवर पांढरी भुकटी धरते आणि पाय आतून पोकळ होतात. शेवटी तोडगा निघाला : बाहेरून सागवानाची चौकट, आत पावडर कोटिंग केलेला ॲल्युमिनियमचा ट्रे. याच कारणाने व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ही पेटीला कधी लावत नाही, न्यूट्रल लावतो. महाग पडतं, पण ते ॲसेटिक आम्ल सोडत नाही.

आता त्या चाळीस पेट्यांबद्दल. गोव्याबाहेरच्या एका पुरवठादाराने बिलावर ‘कास्ट’ (साच्यात ओतलेली) लिहून ३ मिमीची एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) शीट पाठवली. कागद सोलला की दोन्ही सारखीच चकाकतात. आम्ही नेहमीप्रमाणे लेझरने कापली, कडांवर ज्योत फिरवून फ्लेम पॉलिश दिलं, सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडून सांधे केले आणि माल पोचवला. आठ दिवसांत पहिला फोन आला : सांध्याजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. मग रोज एक. चाळीसपैकी एकतीस परत आल्या.

कारण साधं आहे, पण ते शिकायला आम्हाला फार मोजावं लागलं. एक्स्ट्रुडेड शीट रोलरमधून ओढून निघते, तेव्हाच तिच्यात ताण अडकून राहतो. लेझर कड तापवतो आणि ताण वाढतो, फ्लेमने आणखी वाढतो. त्यावर क्लोरोफॉर्म गेला की तो ताण बारीक तड्यांनी सुटतो, तीच जाळी. कास्टलाही हे होऊ शकतं, पण कास्ट बरंच सोसतं. आता आम्ही जो सांधा चिकटवायचा त्या कडेला ज्योत दाखवतच नाही. करवतीने कापतो, स्क्रेपर मारतो, ५ मिमीचे तुकडे ८० अंशांवर किमान दोन तास भट्टीत ठेवतो, भट्टी बंद करून आतच थंड होऊ देतो आणि दुसऱ्या दिवशी चिकटवतो.

शीट ओळखायची तर बिल वाचू नका, जाडी मोजायचं व्हर्नियर लावा. कास्ट ३ मिमीची शीट एका टोकाला २.८, तर दुसऱ्याला ३.१ भरते. एक्स्ट्रुडेड सगळीकडे एकसारखी. राउटर (फिरत्या बिटने कापणारं यंत्र) चालवला की कास्टचा कोरडा भुसा उडतो, एक्स्ट्रुडेड वितळून बिटला चिकटते. लेझरने अक्षर कोरलं तर कास्टवर पांढरं उमटतं, दुसऱ्यावर जवळपास पारदर्शकच राहतं. हे तीन प्रयोग तेव्हा पाच मिनिटांत झाले असते.

पुरवठादाराने चूक कधीच मानली नाही. मेस्तांनी सहा महिने मजुरी घेतली नाही. आणि एका स्पर्धकाने नेमकी तीच वेळ साधली. आमचं माप, आमचा कोपरा, मात्र शीट २ मिमी आणि भाव निम्मा. गिऱ्हाइकांना सांगायचा, “त्यांच्या पेट्यांना तडे जातात.” तडे गेले होते, नाही कोण म्हणतो? पण २ मिमीचं ५०० मिमी लांब झाकण एका उन्हाळ्यात मधून खाली येतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. ॲक्रिलिक तापलं की काचेच्या कितीतरी पट पसरतं. ६०० मिमीच्या तुकड्यात २० अंशांचा फरक पडला तर लांबी सुमारे ०.८ मिमी बदलते. म्हणून आमचं कव्हर तळाच्या खाचेत दीड मिमी सैल बसतं. ते खडखडतं अशी तक्रार येते. खडखडू दे.

त्यानंतरची सात-आठ वर्षं ठीक गेली.

पेट्या परत आल्या त्या वाईट पावसाळ्यात ऑर्डर रद्द न करणारे गिऱ्हाईक एकच, वास्कोचे भाई. नौदलात विमानांचे तंत्रज्ञ होते. ११ मे २०१६ ला दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर सी हॅरियर लढाऊ विमानं निवृत्त झाली, तेव्हापासून हे विमान मागणारे पुष्कळ आले, पण ते उभं कसं करायचं हे आम्हाला भाईंनी शिकवलं. सी हॅरियरची मुख्य चाकं पोटाखाली एका रांगेत आणि दोन बारीक चाकं पंखांच्या टोकांना. मॉडेलमध्ये ही सगळी एकदम टेकणं दुर्मीळ. बहुतेक वेळा एक बाजूचं चाक हवेत राहतं. चाक खाली ओढायचं नाही, पाय मोडतो. त्याखाली ०.२५ मिमीचं प्लॅस्टिक कार्ड सरकवायचं आणि डेकच्या रंगात रंगवायचं. विमानवाहू जहाज विराटच्या स्की-जंपसारखा (धावपट्टीच्या वर वळलेल्या टोकासारखा) १२ अंशांचा तळ हवा असेल, तर ३०० मिमीच्या उतारावर टोक साधारण ६२ मिमी वर येतं, आणि चाकांमागे अडथळा लागतोच.

भाईंचा दुसरा धडा टायरचा. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेल हळूहळू प्लॅस्टिकच्या चाकात उतरतं आणि चाक विरघळू लागतं. ॲक्रिलिकच्या तळावर तेच टायर वर्षभर टेकले की डाग उमटतो, तो घासून जात नाही. टायर प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे लावा. जड मॉडेलचं वजन पायांवर सोडू नका. पोटाखाली ५ मिमीचा पारदर्शक रॉड उभा करा, चाकं नुसती टेकलेली दिसू देत. उन्हाळ्यात पातळ पाय हळूहळू वाकतात आणि ते लक्षात येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

माप सगळे चुकीचं सांगतात. १/४८ ची (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाची) सी हॅरियर लांबीला ३०२ मिमी, पंख १६० आणि उंची ७७. चारही बाजूंना ३० आणि वर ४० मिमी मोकळं सोडलं की आतलं माप साधारण ३६० × २२० × १२० येतं. याहून घट्ट पेटीत कव्हर उचलताना पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी नाकावरची बारीक नळी) मोडते. एवढ्या पेटीला सिलिका जेल किती? बुटांच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी नव्हे. संग्रहालयांचा हिशेब घनमीटरला २० किलोचा आहे, म्हणजे इथे जवळपास २०० ग्रॅम. तळाखाली जाळीचा कप्पा करून ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर वाळवा. जेल असलं तरी पेटी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात चिरा पाणी ओढतो, म्हणून मागे ५० मिमी हवा हवीच. सोप्यावर तर नकोच. उन्हाने पांढरी डिकल (मॉडेलवर चिकटवायची खूण) पिवळी पडते, आणि उघड्या मॉडेलवर पालीची विष्ठा पडली की वार्निश जातं.

टांगायची हौस असणाऱ्यांना एक विचारतो : माटोळीचा (गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीचा) हूक आहे का? चवथीला एवढी फळं पेलणाऱ्या वाशाला विमान म्हणजे काहीच नाही. प्रश्न दोरीचा. गरीची नायलॉन दोरी ओलाव्याने ताणली जाते आणि विमान एका पंखावर कलतं. मासळीच्या सामानाच्या दुकानात विणलेली पीई दोरी मिळते, ती घ्या. तीन टाके : दोन पंखांच्या मुळाशी, एक शेपटीपाशी. पंख्याच्या झोतात नको, गाठ झिजते.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, निम्मे पैसे आगाऊ घ्या, शीट उभ्या टेकवून ठेवू नका, सपाट ठेवा, आणि क्लोरोफॉर्मचं काम दार उघडं ठेवून, एक्झॉस्ट लावून करा. जुलैत मात्र दारातून दमट हवा येते, सांधा वाळताना थंड पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि पांढरा ढग उरतो. त्या दिवसांत आम्ही आर्द्रता ६० टक्क्यांखाली येईपर्यंत सिरिंज उचलत नाही, ऑर्डर कितीही तुंबल्या तरी.

सध्या टेबलावर सुपर कॉन्स्टलेशन आहे, बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात उभं आहे तेच विमान, १/७२ मध्ये. पंख ५२० मिमी. झाकण ५ मिमी, तळ ६०० × ६०० मिमी, पेटी उचलायला दोन माणसं. बिलावर लाल अक्षरांत नेहमीची ओळ छापली आहे : काच पुसायचा निळा स्प्रे वापरू नये, त्यातल्या अल्कोहोल-अमोनियाने जाळी पडते, ओल्या मऊ कापडाने पुसावे. त्या स्पर्धकाच्या पेटीबरोबर हल्ली तो स्प्रे मोफत मिळतो.